लहान लिस्प इंटरप्रिटर स्वतः लिहिताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रोग्रामिंग भाषा आतून कशी चालते हे समजून घ्यायचे असेल, तर लिस्पच्या वळणाची एक छोटी भाषा स्वतः तयार करून पाहावी. यापेक्षा सरळ वाट मला तरी सापडलेली नाही. या वाटेवर अडायला होते ती ठिकाणे बहुतेक ठरलेली असतात आणि पुढचे प्रश्न त्याच ठिकाणांविषयी आहेत. वाचणाऱ्याला फंक्शन, लिस्ट, डिक्शनरी आणि रिकर्शन कोणत्या तरी एका भाषेत वापरता येतात, एवढे गृहीत धरले आहे.

उदाहरणांतल्या भाषेत नावाला किंमत देण्यासाठी `ठरव`, असलेली किंमत बदलण्यासाठी `बदल`, अटीसाठी `जर`, निनावी फंक्शनसाठी `लॅम्ब्डा`, आणि मजकुराची किंमत न काढता तो जसाच्या तसा ठेवण्यासाठी `उद्धृत` हे शब्द वापरले आहेत. लिस्पला असे राखीव शब्द इतके थोडे लागतात की ते देवनागरीत लिहिल्याने इंटरप्रिटरच्या, म्हणजे प्रोग्राम वाचून तो लगेच चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, रचनेत काहीच फरक पडत नाही.

शिकण्यासाठी लिस्पच का निवडावी?

व्याकरणाचे बरेचसे काम कंसांनीच उरकलेले असते, हे पहिले कारण. `२ + ३ * ४` ही पदावली वाचणाऱ्या भाषेला आधी गुणाकार करायचा की बेरीज, एकाच दर्जाच्या क्रिया डावीकडून घ्यायच्या की उजवीकडून, असे नियम पार्सरमध्ये, म्हणजे मजकूर वाचून त्याची रचना ओळखणाऱ्या भागात, बसवावे लागतात. लिस्पमध्ये हेच `(+ २ (* ३ ४))` असे लिहितात आणि कोणती क्रिया कोणाच्या पोटात आहे हे नुसत्या कंसांवरून कळते. पार्सर एका बैठकीत लिहून होतो, आणि उरलेला सगळा वेळ भाषेच्या अर्थाकडे देता येतो: नावाला किंमत कुठून मिळते, फंक्शन बोलावल्यावर नेमके काय घडते, ते परत आल्यावर मागे काय उरते.

दुसरे कारण असे की लिस्पचा प्रोग्राम स्वतःच एक लिस्ट असतो, त्यामुळे ज्या फंक्शनांनी आपण लिस्ट हाताळतो त्यांनीच प्रोग्रामही हाताळता येतो. मॅक्रोंच्या प्रश्नात याचा उपयोग दिसेल.

पहिला लिस्प इंटरप्रिटर कसा तयार झाला?

जॉन मॅकार्थी यांनी १९५८ साली एमआयटीमध्ये लिस्पचे काम सुरू केले आणि १९६० च्या एप्रिलमध्ये त्यांचा लेख ‘कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम’ या नियतकालिकात आला. लिस्पमधल्या पदावलीची किंमत लिस्पमध्येच काढून दाखवणारे `इव्हॅल` हे फंक्शन त्यात होते. मॅकार्थींनी ते सिद्धांत मांडण्यासाठी लिहिले होते. स्टीव्ह रसेल यांनी मात्र तेच फंक्शन आयबीएम ७०४ या संगणकाच्या भाषेत हाताने उतरवले आणि चालता इंटरप्रिटर हाती आला.

लिस्टचा पहिला घटक देणारे `कार` आणि उरलेली लिस्ट देणारे `कुडर` ही नावेही त्याच यंत्राची आहेत. ७०४ च्या ३६ बिटांच्या एका शब्दात ‘ॲड्रेस’ आणि ‘डिक्रिमेंट’ असे प्रत्येकी १५ बिटांचे दोन भाग असत. दोन्हींत एकेक पत्ता मावत असे आणि एका शब्दात एक जोडी बसत असे. पुढच्या उदाहरणांत यांनाच मी `पहिला` आणि `उरलेले` म्हटले आहे.

कोणत्या भाषेत लिहावा आणि किती कोड लागतो?

पहिला इंटरप्रिटर आपल्याला सर्वांत सवयीच्या भाषेत लिहावा. पायथन, जावास्क्रिप्ट किंवा रुबीमध्ये चालता गाभा माझ्या अनुभवाप्रमाणे दीडशे-दोनशे ओळींत होतो, कारण डिक्शनरी आणि मेमरीची साफसफाई आयती मिळते. सीमध्ये तेच काम हजार ओळींच्या घरात जाते. दुसऱ्या खेपेला मात्र सी घ्यावीच, कारण पहिल्या खेपेला आपण न मागता काय काय मिळाले होते ते तेव्हाच कळते.

सुरुवात कुठून करावी?

इंटरप्रिटरचे तीन भाग असतात: मजकूर वाचून त्याची लिस्ट करणारा, लिस्टची किंमत काढणारा, आणि ती किंमत पुन्हा मजकूर म्हणून छापणारा. बहुतेक जण छापणारा भाग शेवटी लिहितात. तो सर्वांत आधी लिहावा असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. वाचलेली लिस्ट लगेच छापून मूळ मजकुराशी जुळते का हे पाहता आले, तर वाचणाऱ्या भागातल्या चुका तिथल्या तिथे सापडतात. नाहीतर त्या किंमत काढणाऱ्या भागात शिरतात आणि नको तिथे शोधल्या जातात.

मजकुराचे टोकन पाडताना काय चुकते?

टोकन म्हणजे कंस, संख्या, नाव असा मजकुराचा एकेक सुटा तुकडा. कंसांच्या दोन्ही बाजूंना रिकामी जागा घालून मजकूर रिकाम्या जागांवर तोडणे, ही सर्वांत सोपी युक्ती. पहिल्या दिवसासाठी ती पुरते. स्ट्रिंग आल्या की ती मोडते, कारण `"(अ ब)"` या स्ट्रिंगच्या आतले कंस तिला बाहेरच्या कंसांसारखेच दिसतात. तेव्हा एकेक अक्षर पाहत पुढे जाणारा टोकनायझर लिहावा. तो पन्नास ओळींपेक्षा मोठा होत नाही.

नावे देवनागरीत हवी असतील तर एक खाच आहे. ‘हे अक्षर आहे का’ असे विचारणारे पायथनचे तयार फंक्शन मात्रा, अनुस्वार आणि हलन्तचिन्ह यांना ‘नाही’ असे उत्तर देते, कारण युनिकोडमध्ये ती अक्षरे नसून चिन्हे आहेत. ‘किंमत’ हा शब्द क, इकाराची वेलांटी, अनुस्वार, म आणि त अशा पाच एककांचा बनतो. नुसती अक्षरे गोळा करणारा टोकनायझर पहिल्या ‘क’नंतरच थांबतो. म्हणून नावात काय चालते याची यादी करू नये, काय चालत नाही ते ठरवावे: रिकामी जागा, दोन्ही कंस, अवतरणचिन्हे आणि टिप्पणीचा अर्धविराम. बाकी सगळे नावात चालू द्यावे.

संख्या ओळखताना आधी टोकनाची संख्या होते का ते पाहावे, न झाल्यास ते नाव समजावे. यामुळे एकटे `-` नाव ठरते आणि `-५` संख्या ठरते. पायथन ‘१२’ हे देवनागरी अंक थेट पूर्णांक म्हणून स्वीकारते, तर जावास्क्रिप्ट स्वीकारत नाही, तिथे अंकांचे रूपांतर आपणच करावे लागते. उलट पायथनचे दशांश संख्या वाचणारे फंक्शन रोमन लिपीतल्या ‘इन्फ’ आणि ‘नॅन’ या शब्दांनाही संख्या मानते, त्यामुळे त्या नावांचे व्हेरिएबल कोणी केले तर ते कधीच सापडत नाही.

टोकनांची लिस्ट कशी करायची?

उघडणारा कंस आला की नवी लिस्ट सुरू करायची, बंद होणारा कंस येईपर्यंत एकेक घटक त्याच फंक्शनने वाचायचा, आणि घटक स्वतः कंसाने सुरू होत असेल तर रिकर्शन आपोआप घडते. चुका दोनच प्रकारच्या असतात: जास्तीचा बंद कंस आणि मध्येच संपलेला मजकूर. दोन्हींसाठी वेगवेगळे एरर ठेवावेत. टाइप करून चालवण्याच्या पद्धतीत दुसरी स्थिती ही चूक नसतेच, तिचा अर्थ एवढाच की माणसाचे अजून लिहून झालेले नाही आणि पुढच्या ओळीची वाट पाहायची आहे.

`'अ` दिसले की वाचणाऱ्या भागानेच त्याचे `(उद्धृत अ)` करून द्यावे, म्हणजे पुढच्या भागांना अवतरणचिन्हाची दखल घ्यावी लागत नाही.

किंमत काढणारे फंक्शन नेमके काय करते?

त्याला दोन गोष्टी मिळतात: एक पदावली, आणि नावांच्या किमती जिथे नोंदलेल्या आहेत ते एन्व्हायर्नमेंट. पदावली संख्या किंवा स्ट्रिंग असेल तर तीच किंमत. ती नाव असेल तर एन्व्हायर्नमेंटमध्ये शोधायचे. ती लिस्ट असेल आणि तिच्या सुरुवातीला राखीव शब्द नसेल, तर लिस्टमधल्या प्रत्येक घटकाची किंमत काढायची आणि पहिल्या घटकातून मिळालेले फंक्शन बाकीच्या किमतींना लावायचे. `य` ची किंमत १० असताना `(+ य (* २ ३))` हे असे उलगडते:

```
+         → बेरजेचे फंक्शन
य         → १०
(* २ ३)   → * : गुणाकाराचे फंक्शन, २, ३ → ६
बेरीज, १० आणि ६ → १६
```

पहिली ओळ बारकाईने पाहावी. `+` हे देखील एक नावच आहे आणि त्याची किंमत इतर नावांसारखीच एन्व्हायर्नमेंटमध्ये सापडते. किंमत काढणाऱ्या फंक्शनमध्ये ‘पहिला घटक `+` असेल तर बेरीज करा’ अशी फांदी घालण्याचा मोह पुष्कळांना होतो. तसे केले की `+` ही किंमत उरत नाही, ते दुसऱ्या फंक्शनला देता येत नाही, आणि पुढे प्रत्येक नव्या क्रियेसाठी गाभ्यालाच हात लावावा लागतो. सुरुवातीच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये `+`, `-`, `=`, `पहिला`, `उरलेले`, `जोड` अशी वीसेक फंक्शने भरून ठेवली की गाभा मोकळा राहतो.

फंक्शन लावण्याचे दोन प्रकार होतात. ते मूळ भाषेतले, म्हणजे ज्या भाषेत इंटरप्रिटर लिहितो आहोत तिच्यातले, असेल तर सरळ बोलवायचे. आपल्या भाषेत लिहिलेले असेल तर नवे एन्व्हायर्नमेंट तयार करायचे, त्यात पॅरामीटरांच्या नावांपुढे मिळालेल्या किमती लिहायच्या आणि फंक्शनच्या पोटातल्या पदावल्यांची किंमत त्या एन्व्हायर्नमेंटमध्ये क्रमाने काढायची. किंमत काढणे आणि फंक्शन लावणे ही दोन कामे अशी एकमेकांना बोलावत राहतात, आणि पदावली कितीही खोल असली तरी तेवढ्यावर सगळे चालते.

`जर` साधे फंक्शन का असू शकत नाही?

```
(जर (= य ०) ० (/ १०० य))
```

साध्या फंक्शनच्या बाबतीत आधी सर्व घटकांच्या किमती काढल्या जातात. `य` शून्य असताना इथे भागाकारही केला जाईल आणि ज्या अनर्थापासून वाचण्यासाठी अट लिहिली तोच ओढवेल. रिकर्शनमध्ये तर थांबण्याची फांदी निवडण्याआधीच पुढची हाक दिली जाते, त्यामुळे फंक्शन कधीच थांबत नाही. म्हणून `जर` मध्ये आधी अटीची किंमत काढायची आणि मग दोहोंपैकी एकाच फांदीची. `उद्धृत`, `जर`, `ठरव`, `बदल`, `लॅम्ब्डा` आणि अनेक पदावल्या ओळीने चालवणारे `क्रमाने`, एवढे सहा राखीव शब्द चालत्या भाषेला पुरतात.

एन्व्हायर्नमेंट म्हणजे काय, आणि सगळे त्यातच का चुकतात?

एन्व्हायर्नमेंट म्हणजे नाव आणि किंमत यांचा एक तक्ता आणि त्याच्या बाहेरच्या तक्त्याकडे नेणारा एक दुवा. नाव आपल्या तक्त्यात नसेल तर दुव्यावरून बाहेरच्या तक्त्यात पाहायचे, तिथे नसेल तर त्याच्याही बाहेर, आणि शेवटी सर्वांत बाहेरच्या तक्त्यातही नसेल तर एरर द्यायचा. एवढीच ही रचना आहे, पण भाषेचा स्वभाव तिच्यावर ठरतो. एक उदाहरण पाहू.

```
(ठरव गणक
  (लॅम्ब्डा ()
    (ठरव न ०)
    (लॅम्ब्डा ()
      (बदल न (+ न १))
      न)))

(ठरव क (गणक))
(ठरव ख (गणक))
(क)   → १
(क)   → २
(ख)   → १
```

`(गणक)` ही हाक दिल्यावर एक नवा तक्ता तयार होतो आणि त्यात `न` शून्य म्हणून लिहिला जातो. आतली `लॅम्ब्डा` तयार होताना त्या तक्त्याचा दुवा आपल्यापाशी ठेवते. `गणक` परतले तरी तक्ता नाहीसा होत नाही, कारण `क` ने धरलेल्या फंक्शनकडे त्याचा दुवा आहे. दुसऱ्या हाकेला दुसरा तक्ता तयार होतो, म्हणून `ख` ची मोजणी वेगळी राहते. फंक्शन आणि त्याच्या जन्मवेळचे एन्व्हायर्नमेंट यांच्या या जोडीला क्लोजर म्हणतात.

आता चूक कुठे होते ते पाहू. फंक्शन बोलावल्यावर जो नवा तक्ता होतो, त्याचा बाहेरचा दुवा कुठे जोडायचा? फंक्शन जिथे लिहिले गेले तिथल्या एन्व्हायर्नमेंटला की जिथून बोलावले तिथल्या? माझ्या पहिल्या इंटरप्रिटरमध्ये मी तो बोलावणाऱ्याला जोडला होता, कारण किंमत काढणाऱ्या फंक्शनच्या हाताशी तेच एन्व्हायर्नमेंट असते. फॅक्टोरियल बरोबर आले, फिबोनाची बरोबर आले आणि मी आठवडाभर निर्धास्त राहिलो. मग लिस्टच्या प्रत्येक घटकाला फंक्शन लावणारे हे लिहिले:

```
(ठरव प्रत्येकाला
  (लॅम्ब्डा (फ यादी)
    (जर (रिकामी? यादी)
        '()
        (जोड (फ (पहिला यादी))
             (प्रत्येकाला फ (उरलेले यादी))))))

(ठरव लांबीने-वाढव
  (लॅम्ब्डा (यादी)
    (प्रत्येकाला
      (लॅम्ब्डा (य) (+ य (लांबी यादी)))
      यादी)))

(लांबीने-वाढव '(१० २० ३०))
```

उत्तर `(१३ २३ ३३)` यायला हवे होते, आले `(१३ २२ ३१)`. आतल्या `लॅम्ब्डा` ला `यादी` हे नाव `लांबीने-वाढव` मध्ये सापडायला हवे होते. ते सापडत होते `प्रत्येकाला` च्या तक्त्यात, जिथली यादी प्रत्येक पायरीला एकाने आखूड होत जाते. म्हणून मिळवली जाणारी लांबी ३, २, १ अशी घटत गेली. दुवा फंक्शनच्या जन्मवेळच्या एन्व्हायर्नमेंटला जोडला आणि एका शब्दाच्या बदलाने सगळे ताळ्यावर आले. नवा इंटरप्रिटर लिहिला की फॅक्टोरियलच्या आधी हीच चाचणी चालवून पाहावी.

ही चूक नवशिक्यांपुरती नाही. सुरुवातीच्या लिस्पांमध्ये नाव बोलावणाऱ्याकडेच शोधले जात असे, आणि फंक्शन दुसऱ्या फंक्शनला देताना येणारी ही अडचण ‘फनार्ग’ या नावाने ओळखली गेली. जेराल्ड ससमन आणि गाय स्टील यांनी १९७५ साली एमआयटीमध्ये स्कीम ही लिस्पची बोली तयार केली तेव्हा लिहिलेल्या जागेवरून नाव शोधण्याची पद्धत भाषेच्या पायाशी ठेवली. ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरच्या लिस्पला ही पद्धत पर्याय म्हणून मिळायला २०१२ सालची २४ वी आवृत्ती यावी लागली. म्हणून इंटरप्रिटरमध्ये कुठेही अडले तर पहिला प्रश्न हाच विचारावा: ही पदावली कोणत्या एन्व्हायर्नमेंटमध्ये पाहिली जात आहे?

`ठरव` आणि `बदल` वेगळे का ठेवायचे?

`ठरव` नेहमी सध्याच्याच तक्त्यात लिहिते. `बदल` दुव्यांवरून बाहेर जात ते नाव ज्या तक्त्यात आधीपासून आहे तिथे लिहिते, आणि कुठेच नसेल तर एरर देते. दोन्ही एकच केले तर वरचा `गणक` बांधता येत नाही.

लिस्टसाठी मूळ भाषेतला ॲरे वापरावा की जोड्या?

प्रोग्राम वाचण्यापुरता ॲरे चालतो. पण ॲरे वापरल्यास `उरलेले` ला दर वेळी बाकीच्या घटकांची प्रत करावी लागते, आणि १०,००० घटकांची लिस्ट एकेक घटक सोडत ओलांडताना सुमारे ५ कोटी घटकांच्या प्रती होतात. जोड्यांच्या साखळीत `उरलेले` म्हणजे नुसता एक दुवा. भाषा वापरायची असेल तर जोड्या घ्याव्यात.

खोटे कशाला मानायचे?

स्कीममध्ये फक्त एकच किंमत खोटी असते. कॉमन लिस्प या दुसऱ्या बोलीत रिकामी लिस्ट हेच खोटे. मला स्कीमची पद्धत पसंत आहे, पण कोणतीही घ्यावी, फक्त ती जाणूनबुजून घ्यावी. मूळ भाषेतल्या अटीत आपली किंमत तशीच टाकली, तर पायथनमध्ये शून्य, रिकामी स्ट्रिंग आणि रिकामी लिस्ट ही सगळीच खोटी ठरतात आणि तो नियम नकळत आपल्या भाषेत उतरतो.

रिकर्शन खोल गेले की इंटरप्रिटर कोसळतो. काय करावे?

लिस्पच्या वळणाच्या भाषेत आवर्तनेही रिकर्शननेच लिहितात, त्यामुळे लाखभर हाका ही तिथे सामान्य बाब आहे. पायथनची रिकर्शनची मर्यादा मुळात १,००० हाकांची असते आणि आपल्या भाषेतली एक हाक मूळ भाषेतल्या दोन-तीन किंवा जास्त हाका खाते, म्हणून काही शे पायऱ्यांतच सगळे आटोपते. मर्यादा वाढवणे हा खरा उपाय नव्हे. स्टॅक, म्हणजे अजून न परतलेल्या हाकांची नोंद ठेवणारी मेमरी, तेवढाच राहतो आणि कोसळणे फक्त लांबते.

उपाय असा की जिथे परत आल्यावर काहीच करायचे उरलेले नसते, तिथे परत यायची सोय ठेवूच नये. `जर` ची निवडलेली फांदी, `क्रमाने` मधली शेवटची पदावली आणि फंक्शनच्या पोटातली शेवटची पदावली, या तीन जागी किंमत काढणाऱ्या फंक्शनने स्वतःला पुन्हा बोलावू नये. त्याऐवजी फंक्शनचे सगळे पोट एका कायम चालणाऱ्या आवर्तनात ठेवावे, ‘पदावली’ आणि ‘एन्व्हायर्नमेंट’ या दोन व्हेरिएबलांत नव्या किमती घालाव्यात आणि आवर्तनाच्या डोक्याशी परत जावे. यालाच टेल कॉल हाताळणे म्हणतात, आणि स्कीमच्या प्रमाणात (स्टँडर्डमध्ये) ते ऐच्छिक नाही, बंधनकारक आहे.

`(* न (फॅक्टोरियल (- न १)))` ही मात्र अशी हाक नव्हे, कारण ती परतल्यावर गुणाकार बाकी असतो. तो गुणाकार आधीच करून जास्तीच्या पॅरामीटरमधून पुढे नेला, तर तीही टेल कॉल होते:

```
(ठरव फॅक्टोरियल
  (लॅम्ब्डा (न गुणाकार)
    (जर (= न ०)
        गुणाकार
        (फॅक्टोरियल (- न १) (* न गुणाकार)))))
```

संख्या किती मोठ्या चालाव्यात?

२० चे फॅक्टोरियल, म्हणजे २४३२९०२००८१७६६४००००, ६४ बिटांच्या चिन्हासहित पूर्णांकात बसते. २१ चे बसत नाही. पायथनमध्ये याची काळजी नाही. सीमध्ये निदान मर्यादा ओलांडली गेल्याचे कळावे एवढी व्यवस्था करावी, गुपचूप चुकीचे उत्तर देऊ नये.

गार्बेज कलेक्टर लिहावाच लागतो का?

वापरात नसलेली मेमरी आपोआप परत मिळवणारा हा भाग मूळ भाषेत असेल तर नाही. सीमध्ये सुरुवातीला मेमरी अजिबात परत न करणे हेही चालते. छोटे प्रोग्राम मेमरी भरण्याआधीच संपतात आणि तोपर्यंत बाकीचा इंटरप्रिटर पक्का होतो.

पुढे ‘किती दुवे आहेत ते मोजा’ ही पद्धत सोपी वाटते, पण इथे ती कच्ची पडते. आतच ठरवलेले आणि स्वतःला बोलावणारे फंक्शन घ्या: फंक्शनकडे तक्त्याचा दुवा आहे आणि तक्त्यात त्याच फंक्शनचा दुवा आहे. दोघे एकमेकांना धरून बसतात, मोजणी कधीच शून्यावर येत नाही आणि प्रत्येक हाकेगणिक थोडी मेमरी अडकून पडते. म्हणून पोहोचता येण्याजोग्या सगळ्या वस्तूंवर खूण करून बिनखुणेच्या झाडून काढण्याची पद्धत घ्यावी. तिचे वर्णन मॅकार्थींच्या १९६० च्या त्याच लेखात आहे. यातला अवघड सापळा असा की अर्धवट बांधलेली लिस्ट त्या क्षणी फक्त सीच्या एखाद्या स्थानिक व्हेरिएबलमध्ये असते; नेमक्या तेव्हाच झाडझूड सुरू झाली तर ती कोणाला दिसत नाही आणि जिवंत लिस्ट कचऱ्यात जाते. अशा वस्तूंची एक वेगळी नोंद पहिल्या दिवसापासून ठेवावी. चाचणीच्या काळात दर नव्या वस्तूला झाडझूड करायला लावावी, म्हणजे ही चूक चटकन वर येते.

मॅक्रो कसे बसवायचे?

मॅक्रो म्हणजे असे फंक्शन ज्याला घटकांच्या किमती दिल्या जात नाहीत, घटकच दिले जातात. ते एक नवी पदावली परत करते आणि त्या पदावलीची किंमत बोलावणाऱ्याच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये काढली जाते. गाभ्यात यासाठी तीन-चार ओळी वाढतात. `किंवा` हा मॅक्रो असा लिहिता येतो. यात तिरक्या चिन्हाने साचा सुरू होतो आणि स्वल्पविरामाने दाखवलेल्या जागा भरल्या जातात:

```
(मॅक्रो किंवा (अ ब)
  `((लॅम्ब्डा (त) (जर त त ,ब)) ,अ))
```

हा ठीक दिसतो, पण वापरणाऱ्याचेच एखादे व्हेरिएबल `त` नावाचे असले तर `(किंवा (शोध १) त)` फसते. वापरणाऱ्याचा `त` मॅक्रोच्या `लॅम्ब्डा` च्या पोटात जाऊन बसतो आणि तिथे त्याला मॅक्रोचा `त` सापडतो, जो त्या वेळी खोटाच असतो. सोपा उपाय म्हणजे दर वेळी कोणीच वापरलेले नसेल असे नवे नाव तयार करून देणारे एक फंक्शन भाषेत ठेवणे. स्कीमने याहून पक्की पद्धत प्रमाणात घेतली आहे, पण लहान इंटरप्रिटरला नव्या नावांची युक्ती पुरते.

एरर कसे द्यावेत?

‘नाव सापडले नाही’ एवढेच सांगणारा इंटरप्रिटर वापरवत नाही. कोणते नाव आणि कोणत्या ओळीवर, हे सांगता यायला हवे. त्यासाठी टोकन पाडतानाच ओळीचा क्रमांक सोबत ठेवावा. नंतर तो घालायचा म्हटला तर तिन्ही भागांत फेरफार करावे लागतात.

तो इतका हळू का चालतो आणि वेग कसा वाढवावा?

एकच फंक्शन हजार वेळा बोलावले तर त्याच्या पोटातली लिस्ट हजार वेळा तपासली जाते: हा राखीव शब्द आहे का, हे नाव आहे का, असेल तर कितव्या तक्त्यात. ही तपासणी एकदाच करून प्रत्येक पदावलीचे मूळ भाषेतल्या क्लोजरमध्ये रूपांतर केले तर बराच वेळ वाचतो. पुढची पायरी म्हणजे नाव किती तक्ते बाहेर आणि त्यात कितव्या जागी आहे हे आधीच ठरवून ठेवणे. मात्र चाचण्या पक्क्या होईपर्यंत यातले काहीच करू नये.

स्कीमचे संपूर्ण प्रमाण पाळावे का?

१९९८ चा पाचवा सुधारित अहवाल पन्नासेक पानांचाच आहे आणि तो वाचावाच. पण त्यातली ‘कंटिन्युएशन’ ही सोय, म्हणजे पुढे करायचे बाकी असलेले सगळे काम एका किमतीसारखे हातात धरणे, वर वर्णिलेल्या रचनेत बसत नाही, कारण ते बाकीचे काम मूळ भाषेच्या स्टॅकवर असते आणि तो आपल्या ताब्यात नसतो. ती हवी असेल तर स्टॅकही आपणच सांभाळणारी वेगळी रचना करावी लागते.

इंटरप्रिटर पुरेसा झाला हे कशावरून ओळखावे?

त्याच भाषेत किंमत काढणारे फंक्शन लिहून पाहावे. पाऊणशे ओळींत ते होते. मग आपल्या इंटरप्रिटरमध्ये हा आतला इंटरप्रिटर चालवावा, त्याच्यात आधी `लांबीने-वाढव` ची चाचणी द्यावी आणि नंतर ५ चे फॅक्टोरियल. पहिलीचे उत्तर `(१३ २३ ३३)` आणि दुसऱ्याचे १२० आले, तर दोन्ही थरांतली एन्व्हायर्नमेंट बरोबर जोडली गेली आहेत. पहिलीचे उत्तर `(१३ २२ ३१)` आले, तर तीच चाचणी बाहेरच्या इंटरप्रिटरमध्ये थेट चालवावी, म्हणजे दुवा कोणत्या थरात चुकला आहे ते कळते.